कानटोपीतला कृष्ण

महादेवराव सप्ताहाच्या कामाला दारात आले की बोरखेडीतल्या बायका आधी आपल्या डाळीच्या डब्याकडे पाहायच्या. महाप्रसादासाठी पायलीभर तरी द्यावीच लागे. त्या सकाळी मात्र ते रिकाम्या हातानं आले, ओट्यावर टेकले, वर्षालीनं दिलेला चहा बशीत ओतून फुंकत फुंकत प्यायले आणि मिशा पुसून म्हणाले, "वर्षाबाई, यंदा तुमची डाळ नोको. यंदा तुमचं लेकरू पाहिजे."

वर्षालीनं आधी घाईनं पाळण्याकडे पाहिलं आणि मग आनंदानं तिचे डोळे भरून आले.

समुद्रपूरच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत असलेल्या या गावात दर पौषात मारुतीच्या पारापुढे मांडव पडायचा. सात दिवस कीर्तन. चौथ्या दिवशी कृष्णजन्म. त्या दिवशी गावातलं सगळ्यात लहान लेकरू टोपल्यात घालायचं आणि वसुदेव झालेल्या माणसानं ते डोक्यावर घेऊन मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. मृदंग वाजत असतो, टाळ वाजत असतात, म्हातारीकोतारी हात लांबवून त्या इवल्या पायांना शिवतात. ज्या घरचं लेकरू कृष्ण होतं त्या घराचा वर्षभर मान. अठ्ठ्याण्णव सालच्या त्या पौषात गावात सगळ्यात लहान होता वर्षालीचा गोलू. पाच महिन्यांचा. लग्नानंतर सहा वर्षांनी झालेला.

"अन् वसुदेव मंग मीच ना, महादेवकाका?" दारातून आवाज आला. चंदन खाकी कपडे घालून, तिकिटांचा ट्रे काखेत धरून ड्यूटीवर निघाला होता. एस.टी.त कंडक्टर होता तो. एवढं विचारतानाही त्याचा चेहरा बसमध्ये चढल्याबरोबर खिडकीची जागा मिळाल्यासारखा फुलला होता.

महादेवराव 'हो' म्हणणारच होते, तेवढ्यात चुलीपासून मनकर्णाबाईंचा, म्हणजे चंदनच्या आईचा, आवाज आला. "आमच्या घरी वसुदेव मामाच होत असते. चंदनच्या वक्ताले माहा भाऊ तानबाच झालता. काय पाऊल पडत होतं त्याचं! कोणी दिष्ट काढाले पाहिजे होती."

"हो ना," वर्षाली पटकन म्हणाली. "माहा भाऊ गुलाब येईन सिंदी मेघ्याहून. त्याले दोन पोरी हायेत. त्याले लेकरू धरता येते."

चंदननं काखेतला ट्रे सावरला. मग "बरं," म्हणाला आणि पायात चप्पल सरकवून चालू लागला. कोपऱ्यावर वळताना त्यानं एकदा मागे पाहिलं, ते वर्षालीनं पाहिलं नाही. ती गोलूचा लंगोट बदलत होती.

आता वर्षाली काही वाईट बाई नव्हे. देवाधर्माची, गोड गळ्याची, शेजारणीच्या दुखण्याला आधी धावणारी. पण लेकराच्या बाबतीत तिचं एकच होतं: मी आहे म्हणून हे जगतं. सहा वर्षं नवससायास केले, तेव्हा कुठे देवानं पदरात टाकलं. आता त्याला दुसऱ्या कुणाच्या हातात देणं म्हणजे भरलेलं दुधाचं पातेलं चालत्या बैलगाडीत ठेवण्यासारखं. चंदननं लेकराला उचलायला हात पुढे केला की दोन्हीकडून एकदमच आवाज यायचा. सासू म्हणायची, "मान धर, मान!" आणि बायको म्हणायची, "हात धुतले का? बसच्या दांड्याले साऱ्या दुनियेचे हात लागतात." गोलूनं मान धरून दोन महिने झाले होते, तरी हे चालूच. तो हात धुऊन यायचा, तोवर लेकरू झोपलेलं असायचं. नाहीतर दूध पीत असायचं. नाहीतर "आता नोको, आताच शांत झालं" असायचं.

शेवटी बिचारा उंबरठ्यावरच उभा राहायला शिकला. तिथून तो खिशातला तिकिटाला भोक पाडायचा पंच काढायचा आणि हवेतच वाजवायचा. टक् टक्. "चला, पुढे सरका, पुढे सरका. गोलूशेठ, कुठलं देऊ? हिंगणघाट का समुद्रपूर?" गोलू आवाजाच्या दिशेनं मान वळवायचा. तेवढीच बापलेकांची भेट. मग चंदन जेवायला बसायचा.

आणि संध्याकाळी बायकांचं भजन जमलं की वर्षाली तक्रार करायची, "बाई, आमच्या यायले लेकराचं काईच समजत नाई. पान्याचा तांब्या धराव तसं धरतात." बायका हसायच्या. त्या तक्रारीत दुःख कमी आणि गोडी जास्त होती, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

सप्ताह बसला. पहिल्या दोन दिवसांतच कीर्तनकार प्रेमदास महाराजांनी गाव खिशात घातलं. काळासावळा, ठेंगणा माणूस. पण नमनाला उभा राहून त्यानं पहिला सूर लावला की लिंबाच्या झाडावरचे कावळेही गप्प व्हावेत. एकदा हसवायला लागला की बायका पदरात तोंड लपवून थकायच्या आणि त्याच हसण्यातून कधी त्यानं डोळ्यांत पाणी आणलं ते कळायचं नाही. वर्षाली गोलूला मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसायची. देवाचं नाव कानावर पडलेलं लेकरू गुणी निघतं, असं तिचं मत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गोठ्यामागे गोवऱ्या आणायला गेली आणि जागीच थबकली. चंदनची त्या दिवशी सुट्टी होती. गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत तो डोक्यावर टोपलं घेऊन गोल गोल चालत होता. टोपल्यात गोलूचं दुपटं होतं आणि दुपट्यात चांगला पाच-सहा किलोचा कोहळा. मध्ये मध्ये तो मुद्दाम डावीकडे झोकांडी घ्यायचा, उजवीकडे घ्यायचा, गुडघ्यात वाकायचा. कोहळा ढिम्म. टोपल्याला हातही लावत नव्हता. तोंडानं चाललं होतं, "चला, पुढे सरका. यमुना येऊन राह्यली. उतरनारे पुढे या."

वर्षालीला एकदम फसकन हसू आलं. चंदन दचकला, तरी टोपलं हललं नाही.

"काय करून राह्यले तुमी?"

"काई नाई." तो ओशाळून म्हणाला. मग टोपलं उतरवून, कोहळा मांडीवर घेऊन तिथेच बसला. "वर्षा, मले घेऊ दे ना. मी रोज सत्तर मान्सायच्या गर्दीत दांडी न धरता उभा राह्यतो. खड्डा येवो का म्हैस येवो. हातात ट्रे, काखेत थैली. आजपर्यंत एक तिकीट खाली पडलं नाई."

"कोहळा रडत नाई," वर्षाली म्हणाली. "अन् दुपट्याले माती लावून ठेवली ते धुवाचं कोणी?" दुपटं ओढून घेऊन ती निघाली. घरात येईपर्यंत तिचं हसू ओठावरच होतं. मग का कोण जाणे, ते राहिलं नाही.

ओसरीवर मनकर्णाबाई शेजारणीला तानबामामाची गोष्ट सांगत होत्या. तीस वर्षं झाली तरी तिला नवी फोडणी बसायची. "चंदन असा टोपल्यात, अन् तानबा असा चालला जसा खराच वसुदेव! पानी कापत चाललाय असं वाटे."

खांबाला टेकून सासरे, बबनराव, अंबाडीचं चऱ्हाट वळत होते. फारसं न बोलणारा माणूस. कीर्तनात टाळ धरायचा, घरात चऱ्हाट. शेजारीण उठून गेली, मनकर्णाबाई तिला पोचवायला फाटकापर्यंत गेल्या. वर्षाली दुपट्यावरची माती झटकू लागली, तेव्हा बबनराव चऱ्हाटावरची नजर न काढता म्हणाले, "मले धोतर देल्लं होतं महाराजानं."

"काय म्हनता, मामाजी?"

"त्या साली. वसुदेवाचं. तांबड्या काठाचं. मी नेसून तयार होऊन बसलतो पारावर." त्यांनी एक पीळ घातला. "मंग तानबा आला. तुही सासू म्हने, यायच्या हातून पडीन लेकरू. मी धोतर सोडून तानबाले देल्लं."

"मंग?"

"मंग काय. वारा लय होता. मांडवात अंथरलेली दरी, सतरंजी, उडून राह्यली होती. मी दरीचा कोपरा धरून बसलो." बबनराव हसले, अगदी साधं. "चंदन पुढे चालाले लागल्यावरच माह्याकडे आला. त्याचा तो चालत आला बा. कोनी देल्ला नाई."

फाटकातून मनकर्णाबाई परत येताना दिसल्या आणि सासरेबुवा पुन्हा चऱ्हाटात शिरले.

वर्षालीनं दुपटं नाकाशी नेलं. दुपट्याला कोहळ्याचा ओलसर वास येत होता. तिला उंबरठा आठवला. उंबरठ्यावरची ती टक् टक् आठवली. उद्या गोलू चालायला लागेल आणि उंबरठ्यापर्यंत आपला आपण जाईल, मग हा उचलेल त्याला. तोवर यालाही दरीचा कोपराच.

दिवेलागणीला चंदन भजनाला निघाला, तेव्हा ती दारापर्यंत गेली. "ऐकलं का? बूथवरून गुलाबले फोन लावजा. म्हना उद्या ये, पन जेवाले ये."

"अन् वसुदेव?"

"पाहा बा. कोहळ्याचा अभ्यास झाला असन तर." आणि त्याचा चेहरा खिडकीची जागा मिळाल्यासारखा होऊ लागला, तशी तिनं घाईघाईनं पुढे जोडलं, "पन दोनी हातांनी धरजा. अन् पळाचं नाई. अन् थंडी हाय, त्याले कानटोपी घालीन मी. अन् कोनाले गालाले हात लावू द्याचा नाई. अन्..."

"हो, हो," चंदन म्हणाला. तिनं आणखी वीस अटी घातल्या असत्या, तरी त्यानं होच म्हटलं असतं.

मनकर्णाबाईंना हे कळलं तेव्हा त्या रात्रीची भाकरी रागानं जरा जाडच झाली. पण महादेवराव हुशार. त्यांनी येऊन सांगितलं, "मनकर्णाबाई, यशोदा तुमी. तुमच्यासारखी यशोदा तालुक्यात नाई." भाकरी पुन्हा पातळ झाली.

चौथा दिवस उजाडला. कीर्तन सकाळी दहाला सुरू झालं आणि जन्म बरोबर बारा वाजता. प्रेमदास महाराज हात जोडून म्हणाले, "मायबापहो, आता मध्यरात्र झाली असं समजा. कंसाचे पहारेकरी झोपले." मांडवावर पौषातलं लख्ख ऊन तापत होतं आणि पहारेकरी झालेला चिंधू सोनार खरोखरच भाला पोटाशी धरून घोरत होता.

मांडवाच्या एका टोकाला बांबूच्या तट्ट्यांचा तुरुंग केला होता. त्यात देवकी होऊन वर्षाली बसली. दुसऱ्या टोकाला पाराजवळ गोकुळ. तिथे सतरंजीवर मनकर्णाबाई शाल पांघरून यशोदेच्या झोपेत, आणि त्यांच्या उशाशी बबनराव, पुन्हा सतरंजीच्या कोपऱ्यावरच. दोन्ही टोकांच्या मधे दोन निळी लुगडी आडवी धरून बायका बसल्या होत्या. ती यमुना.

गोलूला मात्र वर्षालीनं असा सजवला होता की देवालाही पटकन ओळख पटली नसती. आत झबलं, वर लोकरी स्वेटर, पायात मोजे आणि डोक्याला घट्ट कानटोपी, आणि त्या कानटोपीत खोचलेलं मोरपीस. टोपल्यात दोन गोधड्या, त्यावर मेणकापड, त्यावर दुपटं. महाराजांनी आत डोकावून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "माउली, कृष्ण हिमालयात जन्मला काय?" पुढच्या रांगेतल्या बायका खुसखुसल्या.

"वाऱ्याचं सांगता येत नाई, महाराज," वर्षाली म्हणाली.

मृदंगावर थाप पडली. "गोपालकृष्ण महाराज की जय!" चंदननं तांबड्या काठाचं धोतर नेसलं होतं. त्यानं टोपलं उचललं, डोक्यावर ठेवलं, एका हातानं हलकेच कड धरली आणि तुरुंगाच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं. पहिलं पाऊल, दुसरं पाऊल. सगळा मांडव उठून उभा राहिला.

आणि मग सगळा मांडव हसायला लागला.

चंदनला कळेना काय झालं. त्यानं डोळे तिरपे करून पाहिलं, तर टोपल्याच्या दुसऱ्या बाजूला एक हात. वर्षाली तुरुंगातून निघून त्याच्या बरोबरीनं चालत होती. टाचा उंचावून, टोपल्याची कड मुठीत धरून. तिला स्वतःलाही ते ठाऊक नसावं.

महाराजांनी हात वर केला. मृदंग थांबला. "देवकी माते," ते अगदी नम्रपणे म्हणाले, "आपण तुरुंगात आहात."

हशाची लाट उठली. वर्षालीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण हात काही सुटेना.

"आपल्या पायात बेड्या आहेत, माते. आपण अशा निघालात तर कंस जागा होईल." चिंधू सोनार खरंच जागा झाला आणि "काय झालं, काय झालं?" करू लागला. लोकांची हसून हसून पुरेवाट. महाराज पुढे म्हणाले, आणि आता त्यांच्या आवाजात हसू असूनही काहीतरी मऊ आलं होतं, "एवढ्या अंधारात, एवढ्या पाण्यात, त्या माउलीनं टोपलं एकट्या बापाच्या हवाली केलं. तिच्या जिवाचं काय झालं असेल हो? पोथीत वसुदेवाची वाट सांगितली आहे. ती तुरुंगात कशी बसली, ते तिचं तिलाच माहीत."

"राहू द्या, महाराज," चंदन टोपल्याखालून म्हणाला. "तिची सवय हाय. यमुनेपर्यंत येऊ द्या तिले."

ते ऐकलं आणि वर्षालीच्या हाताची मूठ सैल झाली. सारा गाव तिला हसत होता आणि हा, ज्याला तिनं पाच महिने उंबरठ्यावर उभं ठेवलं, तो तिची बाजू घेत होता. तिनं एक बोट उचललं. मग दुसरं. मग हात पदराखाली घेतला आणि मागे न वळता, उलट्या पावलांनी, टोपल्याकडे पाहत पाहत ती तुरुंगात जाऊन बसली.

"जा," ती म्हणाली.

मृदंग पुन्हा वाजला. चंदन निघाला. टोपलं तरंगत चालल्यासारखं. लोक पाया पडायला दोन्ही बाजूंनी रेटत होते, आणि तो खांदा वळवून, कंबर वळवून, भरलेल्या बसमधून मागच्या सीटपर्यंत जावं तसा वाट काढत होता. "पुढे सरका, माय. पाय फक्त. गालाले नाई, बाई. पाय फक्त." अटी पाठ होत्या त्याच्या.

यमुना आली. बायकांनी निळी लुगडी लाटांसारखी हलवली. आणि बरोबर मध्यावर गोलूनं भोकाड पसरलं.

कसं रडणं ते! टाळांच्या वर गेलं. वर्षाली तुरुंगात ताडकन उभी राहिली. हात तट्ट्याला. आता गेलंच पाहिजे. दूध मागतंय. नाही, दूध तर आताच दिलं. पोट दुखतंय. दिष्ट लागली. तिकडे गोकुळात यशोदा झोपेतूनच ओरडली, "मान धर, मान!" सगळे वर्षालीकडे पाहू लागले. महाराजसुद्धा. कुणी थांब म्हणालं नाही आता. तिचा एक पाय तुरुंगाच्या बाहेर पडलाही.

आणि तिनं तो परत घेतला. तट्ट्याची कामटी मुठीत गच्च धरून उभी राहिली. बोटांत बांबूचं कुसळ गेलं, तेही तिला नंतर कळलं.

चंदन यमुनेत थांबला. शांतपणे गुडघ्यावर बसला, टोपलं उतरवून मांडीसमोर ठेवलं. लेकराकडे एकदा नीट पाहिलं. मग त्यानं मोरपीस काढून कानामागे खोचलं आणि ती कानटोपी उतरवली. आत केस घामानं चिंब, कपाळ लालबुंद. स्वेटरही काढला. धोतराच्या सोग्यानं मान पुसली, कानामागे पुसलं, फुंकर घातली.

"गरम होऊन राह्यलं होतं त्याले," तो कुणाला तरी सांगावं तसं म्हणाला.

वर्षालीनं ऐकलं. मांडवावरचं ऊन तिला आत्ता पहिल्यांदा दिसलं.

गोलू अजून हुंदके देत होता. चंदननं कमरेला हात घातला. वसुदेवाच्या धोतरातून एस.टी.चा पंच निघाला. टक् टक्. "गोलूशेठ, कुठलं देऊ? मथुरा का गोकुळ?"

गोलूचा हुंदका अर्ध्यावर थांबला. डोळे आवाजाकडे वळले. टक् टक्. आणि पाच महिन्यांत पहिल्यांदाच तो आवाज लांबून, उंबरठ्यापलीकडून न येता, नाकासमोरून येत होता, आणि त्यामागे तोच ओळखीचा चेहरा होता. लेकरू बोळकं उघडून असं खिदळलं, की महाराजांनी टाळ्या पिटल्या.

"गोकुळ म्हनते!" कुणीतरी ओरडलं. मृदंगवाल्यानं त्याच टकटकीचा ठेका उचलला, टाळकऱ्यांनी तो धरला, आणि चंदन उघड्या डोक्याचा, कुरळ्या केसांचा खराखुरा कृष्ण डोक्यावर घेऊन त्या ठेक्यावर यमुना उतरून गेला. तुरुंगातली देवकी एका हातानं डोळे पुसत होती आणि दुसऱ्या हातानं टाळी वाजवत होती.

गोकुळात त्यानं गोलूला यशोदेशेजारी अलगद ठेवलं. फुलं उडाली, गुलाल उडाला. आता लेकराला उचलून पाळण्यात घालायचं. तोवर वर्षाली गर्दीतून वाट काढत आली. चंदननं गोलूला उचललं आणि तिच्यापुढे धरलं. घे, झालं माझं काम, अशा थाटात.

वर्षालीचे हात पुढे झाले होते. ते तिनं मागे घेतले.

"माह्याकडे काऊन?" ती म्हणाली. "मामाजीकडे द्या. थेच घालतीन पाळन्यात."

बबनरावांनी सतरंजीचा कोपरा सोडला. धोतराला हात पुसले. पुन्हा पुसले. "माह्याकडे?" ते म्हणाले. "पडीन बिडीन."

हात धुतले का, हे वर्षालीच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं. "नाई पडत, मामाजी. धरा."

त्या चऱ्हाट वळणाऱ्या राठ हातांत गोलू गेला आणि आपला आपण नीट बसला. शालीखालून यशोदा ताडकन उठून बसली. "अवो, मान धरा, मान!"

"आत्याबाई," वर्षालीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना हलकेच खाली निजवलं, "तुमी झोपा. यशोदा अजून उठली नाई."

मांडव पुन्हा हसला. मनकर्णाबाई निजल्या, पण एक डोळा उघडा ठेवून. त्या एका डोळ्यानं त्यांना तीस वर्षांत न पाहिलेलं काहीतरी दिसत असावं, कारण तो डोळा काही केल्या मिटेना. बबनरावांकडे पंच नव्हता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, लाजले आणि नातवाच्या कानाशी तोंड नेऊन जिभेनंच वाजवून पाहिलं. टक् टक्.